सर्च इंजिनची क्रमवारी आणि हळदीच्या व्यापाऱ्याची तीन पाने

‘सांगली हळद भाव’ असे शोधणाऱ्या शेतकऱ्याला क्षणार्धात निकाल दिसतात, कारण सर्च इंजिनने असंख्य संकेतस्थळांवरील पाने आधीच वाचून त्यांची सूची तयार ठेवलेली असते. प्रश्न आल्यावर त्या सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावणे एवढेच काम उरते, आणि खरी मेख या क्रम लावण्यातच आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एखाद्या पानाकडे किती पानांनी दुवे दिले आहेत आणि ती पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्याचे महत्त्व ठरत असे. आज दुव्यांच्या जोडीला मजकूर, ताजेपणा, शोधणाऱ्याचे ठिकाण, मोबाइलवर पान नीट दिसते की नाही अशा अनेक खुणा मोजल्या जातात. क्रमवारीतील बदल म्हणजे बहुतेक वेळा या खुणांना दिलेल्या वजनातील बदल असतो.

असे बदल करणे भाग पडते, कारण जी खूण मोजली जाते ती लोक बनवू लागतात. दुव्यांना किंमत आहे हे कळताच दुवे विकले जाऊ लागले. शब्दांना किंमत आहे हे कळताच तेच शब्द दहादा घातलेली पोकळ पाने निघू लागली. गूगलने फेब्रुवारी 2011 मध्ये पांडा हा बदल आणून पोकळ मजकुराला आणि एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन आणून बनावट दुव्यांना खाली ढकलले. त्यात लबाडांबरोबर काही प्रामाणिक संकेतस्थळेही खाली गेली, कारण यंत्राला हेतू दिसत नाही, फक्त खुणा दिसतात.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर तीन पाने आहेत: एक आजच्या भावाचे, दुसरे राजापुरी हळदीच्या माहितीचे आणि तिसरे हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेल्या पेवांचे. गूगलने नोव्हेंबर 2011 मध्ये केलेल्या एका बदलाने ताज्या मजकुराचे वजन वाढवले. अशा बदलात आठवडाभर न बदललेले भावाचे पान मागे पडणे साहजिक आहे, पण पेवांवरचे पान वर्षानुवर्षे तसेच राहिले तरी बिघडत नाही, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याला आजची बातमी नको असते. म्हणून ‘आमची साइट पडली’ हे निदान बहुधा अपुरे असते. पडते ते एखादे पान, तेही एखाद्या प्रश्नापुरते. शिवाय क्रम हा नेहमी इतरांच्या तुलनेत असतो. सौद्यात आपला माल तोच असला तरी शेजारी अधिक सरस ढीग लागला की बोली तिकडे सरकते, तसेच इथेही घडते.

काही बदल मात्र वजनाचे नसून प्रश्न समजून घेण्याचे असतात, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने मला तेच अधिक मोलाचे वाटतात. बर्ट ही भाषा समजणारी प्रणाली गूगलने ऑक्टोबर 2019 मध्ये इंग्रजी शोधासाठी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांसाठी लागू केली. ‘सांगलीहून मुंबईला हळद पाठवणे’ आणि ‘मुंबईहून सांगलीला हळद पाठवणे’ यांत शब्द जवळजवळ तेच असले तरी मालाची दिशा प्रत्ययांनी ठरते. नुसते शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हा फरक निसटतो, पूर्ण वाक्याचा संदर्भ घेणाऱ्या यंत्राला तो पकडता येऊ शकतो.

शोधणाऱ्याला यातले काही जाणवत नाही, आणि हीच काळजीची बाब आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात संशोधकांनी काही विद्यार्थ्यांसमोर गूगलचे निकाल मुद्दाम उलट्या क्रमाने ठेवले, तरीही त्यांचा कल वरच्याच निकालांवर क्लिक करण्याकडे राहिला. म्हणजे वर चुकीचे पान आले तरी ते बराच काळ खपून जाते. आता तर निकालांच्याही वर यंत्राने लिहिलेला सारांश येतो. भारतात तो ऑगस्ट 2024 पासून दिसू लागला. सारांशातच उत्तर मिळाले की क्रम टिकूनही पान उघडले जात नाही.

म्हणून व्यापाऱ्याने मजकूर बदलायला घेण्यापूर्वी गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनातील आकडे प्रश्नवार पाहावेत. पान किती वेळा दिसले तो आकडाच घसरला आणि सरासरी क्रम तोच राहिला, तर लोकांनी शोधणे कमी केले आहे. नव्या हळदीची आवक ओसरल्यावर भावाच्या पानाबाबत हे घडणारच, आणि त्यासाठी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. दिसणे तेवढेच, क्रमही तोच, पण क्लिक कमी झाले असतील, तर वर आलेल्या सारांशाचा किंवा जाहिरातींचा संशय घ्यावा. क्रमच खाली गेला असेल, तर कोणत्या प्रश्नांसाठी गेला आणि त्या जागी कोणती पाने आली, ती उघडून वाचावीत. मात्र मार्च 2024 मध्ये सुरू झालेला गूगलचा बदल पुरता लागू व्हायला 45 दिवस लागले होते, आणि अशा काळात क्रम वरखाली होत राहतो. त्यामुळे बदल पूर्ण झाल्याचे गूगलने जाहीर केल्यानंतरचे किमान एक-दोन आठवड्यांचे आकडे हाती येईपर्यंत हळदीच्या पानांना हात लावू नये.