नॉयनर जी रिले धावलीच नाही

बायथलॉन म्हणजे स्कीवर धावायचं आणि मध्ये थांबून रायफलने नेम साधायचा. त्यातल्या जर्मन महिलांच्या रिलेचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून २३ फेब्रुवारी २०१० या तारखेवर येते. व्हँकुव्हर ऑलिंपिकमधली महिलांची ४ बाय ६ किलोमीटर रिले त्या दिवशी व्हँकुव्हरजवळच्या व्हिसलरला झाली. रशियाला सुवर्ण, फ्रान्सला रौप्य, जर्मनीला कांस्य. त्या ऑलिंपिकमधली सर्वांत यशस्वी महिला बायथलीट जर्मनीचीच होती, माग्दालेना नॉयनर. पण धावलेल्या चौघींत ती नव्हती. तिला ना दुखापत होती ना ताप. तिने आपली जागा आपणहून सोडली होती.

त्याआधीचे दिवस बघा. १३ तारखेला स्प्रिंटमध्ये रौप्य, तेही अवघ्या दीड सेकंदाने हुकलेलं सुवर्ण. एक नेम चुकला की दीडशे मीटरचा जो दंडाचा फेरा मारावा लागतो, त्यातच वीस-पंचवीस सेकंद जातात. त्या हिशेबाने दीड सेकंद म्हणजे काहीच नाही. १६ तारखेला परस्यूटमध्ये, म्हणजे स्प्रिंटमधल्या अंतरानेच एकीमागून एक सुटतात त्या शर्यतीत, स्प्रिंट जिंकणाऱ्या प्रतिस्पर्धिणीलाच मागे टाकून सुवर्ण. १८ तारखेला १५ किलोमीटरच्या इंडिव्हिज्युअलमध्ये दहावी. २१ तारखेला सगळ्या एकदम सुटतात त्या मास स्टार्टमध्ये पुन्हा सुवर्ण, आणि तिसऱ्या क्रमांकावर तिच्याच संघातली सहकारी. नऊ दिवसांत चार शर्यती, तीन पदकं, वय २३. रिले दोन दिवसांवर आली होती आणि देश तिसरं सुवर्ण धरून चालला होता.

अशा वेळी तिने सांगितलं की मला मिळायचं ते मिळालं, आता इतरांना संधी मिळू दे. प्रशिक्षकांनी मान्य केलं आणि चौघींची नावं जाहीर झाली.

इथून वाद सुरू होतो, आणि तो मजेशीर आहे, कारण एकाच निर्णयाला दोन अगदी उलट नावं मिळाली. कुणी म्हटलं औदार्य, कुणी म्हटलं पळ. पहिल्या बाजूचं म्हणणं सोपं आहे. संघात पाच जणी तोलामोलाच्या होत्या आणि रिलेत जागा चारच. नॉयनर धावली असती तर उरलेल्यांपैकी एकीला बाहेर बसावं लागलं असतं. आता त्या चौघींकडे बघा. मास स्टार्टचं कांस्य मिळवलेली एक सोडली, तर बाकी तिघींच्या गळ्यात तोवर व्हँकुव्हरचं एकही पदक नव्हतं. तिघीही आधीच्या ऑलिंपिकच्या पदकविजेत्या. एकीच्या नावावर तर तीन ऑलिंपिक सुवर्णं. रिलेचं कांस्य हे त्या तिघींचं तिथलं एकमेव पदक ठरलं. आणि चौघींपैकी तिघी तो मोसम संपताच निवृत्त झाल्या. म्हणजे ही त्यांची शेवटची ऑलिंपिक शर्यत होती, आणि संघाच्या तंबूत याची कल्पना सगळ्यांनाच असणार.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. ऑलिंपिक संघ हा निरोप समारंभ नव्हे. सर्वांत वेगवान स्कीअर बाकावर बसवून तुम्ही शर्यत हरता, तेव्हा प्रेक्षकाने त्याला त्याग का म्हणावं? त्यात नॉयनरचं उभ्याने नेम धरण्याचं जुनं दुखणं. पोटावर पडून नेमबाजी करताना ती शांत असायची. उभं राहिल्यावर मात्र तिचा ताल बिघडायचा. तिला बघितलेल्यांना तो क्षण ओळखीचा आहे: चढ चढून आलेली, छाती धपापतेय, साडेतीन किलोची रायफल खांद्याला, पन्नास मीटरवर बशीएवढी काळी चकती. पहिली गोळी लागली की पुढच्या पटापट. पहिली चुकली की मधला थांबा लांबायला लागायचा, बोट घोड्यावर अडायचं, आणि मागे उभ्या हजारो लोकांचा ओरडा एकदम बंद व्हायचा. वैयक्तिक शर्यतीत चुकली तर दंड स्वतःपुरता. रिलेत तीच चूक चौघींच्या नावावर. तीन जादा गोळ्या मिळतात खऱ्या, पण त्या हाताने एकेक भराव्या लागतात आणि थरथरत्या बोटांना ते काम फार मोठं वाटतं. रिलेत तिची अशी फजिती आधी झालेली होती. म्हणून शंका घेणाऱ्यांनी म्हटलं की औदार्य वगैरे नंतरचं, मुळात तिला ती जबाबदारी नको होती.

आकड्यांनी काही सुटतं का? जर्मनी रशियाच्या अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे राहिली आणि फ्रान्सच्या अगदी थोड्या सेकंदांनी. रौप्य नॉयनरने नक्कीच आणलं असतं असं म्हणता येईल. सुवर्ण? तिच्या स्कीइंगचा वेग धरला तरी सहा किलोमीटरच्या एका टप्प्यात अर्ध्या मिनिटाहून मोठी तफावत भरायची म्हणजे दोन्ही वेळची नेमबाजी स्वच्छ हवी, आणि तिच्याबाबत त्याची हमी कुणीच देत नव्हतं. त्यामुळे ‘हातातलं सुवर्ण घालवलं’ हे वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

पळ काढल्याच्या आरोपाला तिच्या कारकिर्दीतच एक सरळ उत्तर आहे, आणि वाद घालणारे ते सहसा विसरतात. पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागेल, कारण मराठीत तिची पदकं मोजताना हमखास घोळ होतो.

आपल्याकडे ‘विश्वचषक’ म्हटलं की क्रिकेट डोळ्यांपुढे येतं: चार वर्षांतून एकदा, एक अंतिम सामना, एक विजेता. बायथलॉनमधला वर्ल्ड कप म्हणजे स्पर्धा नव्हे, मोसम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो, मार्चमध्ये संपतो, गावोगावी शर्यती, प्रत्येकीला गुण, आणि शेवटी एकूण गुणांत पहिली येणाऱ्याला काचेचा मोठा गोल. नॉयनरने तो तीनदा जिंकला: २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पहिल्यांदा जिंकला तेव्हा ती २१ वर्षांची होती. याशिवाय मोसमातल्या सुट्या शर्यतींच्या विजयालाही ‘वर्ल्ड कप विजय’च म्हणतात, तिच्या नावावर असे ३४ वैयक्तिक विजय सांगितले जातात. त्यामुळे ‘३४ विश्वचषक जिंकणारी’ असं वाचलं तर दचकू नका.

विश्व अजिंक्यपद ही वेगळी गोष्ट. ती दरवर्षी एका गावी होते आणि ऑलिंपिकच्या वर्षी होत नाही. मग नॉयनरच्या खात्यात २०१० चं विश्व अजिंक्यपद कसं? तर तेव्हा मिश्र रिले, म्हणजे बायका आणि पुरुष एकाच संघात असलेली रिले, ऑलिंपिकमध्ये नव्हती. जे प्रकार ऑलिंपिकमध्ये नसत त्यांची जागतिक स्पर्धा तेव्हा त्या वर्षीही घेत, म्हणून मार्च २०१० च्या अखेरीस सैबेरियातल्या खांती-मानसिस्कला एकट्या मिश्र रिलेचं अजिंक्यपद झालं. जर्मनीने ते जिंकलं. संघात नॉयनर होती. व्हिसलरची रिले सोडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

आता उत्तराकडे येऊ. तिची विश्व अजिंक्यपदाची सुवर्णं एकूण १२. त्यांतली वैयक्तिक सहा: २००७ ला स्प्रिंट आणि परस्यूट, २००८ ला मास स्टार्ट, २०११ ला स्प्रिंट आणि मास स्टार्ट, २०१२ ला स्प्रिंट. उरलेली सहा रिलेची: महिलांची २००७, २००८, २०११, २०१२, मिश्र २००८ आणि २०१०. बरोबर अर्धी. २०११ ला तर शेवटचा टप्पा तिचाच होता. रिलेला घाबरणारी बाई रिलेची सहा सुवर्णं जमवत नाही. उभ्याने नेम धरताना ती कच्ची होती हे खरं, आणि तरीही संघाने तिला पुन्हा पुन्हा उतरवलं हेही तितकंच खरं. तिच्याकडे जे नाही ते फक्त ऑलिंपिकचं रिले पदक.

मागचं थोडक्यात. महिला बायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं ते १९९२ ला, अल्बर्टव्हिलला. तेव्हापासून २००६ पर्यंत जर्मन महिलांनी रिलेत कधी रौप्याखाली काही घेतलं नव्हतं: १९९२, १९९४ ला रौप्य, १९९८, २००२ ला सुवर्ण, २००६ ला पुन्हा रौप्य. २०१० चं कांस्य घरी का टोचलं ते यावरून कळावं. ज्या पिढीने ही सवय लावली तिच्यातल्या एकीने पाच ऑलिंपिकमध्ये नऊ पदकं जिंकली आणि वैयक्तिक सुवर्ण मात्र तिला कधीच मिळालं नाही. तिची दोन्ही सुवर्णं रिलेचीच. ती २००६ ला निवृत्त झाली आणि त्याच मोसमात नॉयनर वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा उतरली.

नॉयनर वालगाउची. बव्हेरियातलं आल्प्सच्या पायथ्याचं छोटं गाव, गार्मिश-पार्टेनकिर्शेनपासून जवळ. जन्म ९ फेब्रुवारी १९८७. लहानपणीच रायफल हाती आली, शाळा संपल्यावर सीमाशुल्क खात्याच्या क्रीडा पथकात भरती झाली. आपल्याकडे रेल्वे किंवा पोलीस दलात खेळाडूंना नोकरी मिळते, तिथे सीमाशुल्क, सैन्य आणि संघराज्य पोलीस हे काम करतात. जानेवारी २००७ ला ओबरहोफला पहिला वर्ल्ड कप विजय, आणि महिन्याभरात इटलीतल्या अँथोल्झला विश्व अजिंक्यपदाची तीन सुवर्णं. पहिली दोन मिळाली तेव्हा ती अजून १९ वर्षांची होती. त्या वर्षी तिला जर्मनीची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं गेलं. पुढच्या वर्षी ओस्टरसुंडला आणखी तीन. मग २००९ ला कोरियात एकही वैयक्तिक पदक नाही, नुसतं रिलेचं रौप्य. उभ्याने नेमबाजीची चर्चा सर्वांत जास्त झाली ती या काळात. वर्तमानपत्रांना तिची हार्प आणि तिचं विणकाम फार आवडायचं. शर्यतींच्या मधल्या वेळात सुया घेऊन बसणारी विश्वविजेती हे चित्र छापायला सोपं होतं. नेम सुधारायला तिने काय मेहनत घेतली ते छापायला अवघड, म्हणून ते कमी छापलं गेलं.

२०१० नंतर ती तिच्या सर्वोत्तम काळात होती. २०११ ला खांती-मानसिस्कला तीन सुवर्णं, दोन रौप्यं. आणि ६ डिसेंबर २०११ ला तिने जाहीर केलं की हा मोसम शेवटचा. वय २४. सोची ऑलिंपिक दोन वर्षांवर. पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तीच दोन उत्तरं: समोर दिसतंय ते सोडून का जायचं? मला तरी व्हिसलरचा निर्णय आणि हा निर्णय एकाच स्वभावाचे वाटतात. पहिल्यात शर्यत सोडली, दुसऱ्यात कारकीर्द; दोन्ही वेळी तिला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. त्या शेवटच्या मोसमात तिने काचेचा तिसरा गोल जिंकला आणि मार्चमध्ये थांबली तेव्हा ती नुकतीच २५ ची झाली होती.

पंचविशीत थांबणं नंतर पुन्हा दिसलं. गार्मिशच्या लाउरा डालमायरने २०१७ ला होखफिल्झेनच्या एकाच विश्व अजिंक्यपदात पाच सुवर्णं आणि एक रौप्य जिंकलं, २०१८ ला प्यॉंगचांगला दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली आणि २०१९ ला निवृत्त झाली, वय तेच २५. नॉयनर टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसू लागली. डालमायर डोंगरांकडे गेली आणि जुलै २०२५ मध्ये काराकोरममधल्या लैला शिखरावर दगड कोसळून मरण पावली. या दोघींना एकाच मापाने मोजायचा मोह अनेकांना होतो. मला तो बरा वाटत नाही. थांबण्याचं वय सारखं म्हणून कारणंही सारखी असतात असं नाही.

नॉयनरशिवायची सोची जर्मन महिलांना वाईट गेली. एकही पदक नाही. रिलेत पहिल्याच टप्प्यावर पडझड झाली आणि संघ अकरावा. २०१८ ला आठवा, २०२२ ला बीजिंगजवळ पुन्हा कांस्य. तेव्हाही २००२ च्या सुवर्णाची आठवण निघाली, आणि बोलता बोलता व्हिसलरचीही.

तिची शेवटची मोठी रिले मार्च २०१२ ची, रुपोल्डिंगला, घरच्या प्रेक्षकांपुढे. दुसरा टप्पा तिचा होता. जर्मनीने सुवर्ण जिंकलं आणि शेवटच्या टप्प्यावर रेषा ओलांडणारी तीच होती जिने दोन वर्षांपूर्वी व्हिसलरला कांस्य घेऊन रेषा ओलांडली होती. चौघींपैकी खेळत राहिलेली ती एकटीच. नॉयनर त्या मोसमानंतर थांबली. तिची ती सहकारी मात्र सोचीलाही गेली, आणि अकराव्या आलेल्या त्या रिलेतही धावली.