डॉ. कमल रणदिवे: परळची प्रयोगशाळा, वाशीचं पाळणाघर

शास्त्रज्ञांची नावं सांगा म्हटलं की आपली मुलं न्यूटन, एडिसन, फार तर रामन इथपर्यंत जाऊन थांबतात. निदान नवी मुंबईतल्या मुलांना तरी डॉ. कमल रणदिवे हे नाव ठाऊक हवं.

खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या कर्करोग संशोधन केंद्राचं मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे. रणदिवे बाई तिथल्या संशोधिका. जन्म १९१७ चा, पुण्यातला. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. एम.एस्सी. केली ती चक्क सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर! मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढे शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या.

गे यांचं नाव पेशीसंवर्धनात, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्यात, फार मोठं. शरीराबाहेर पेशी जगवायची म्हणजे तिला ३७ अंशांची ऊब हवी, पोषक द्रव हवा आणि प्राणवायूही हवा. द्रवात खोलवर कायम बुडवून ठेवली तर ती गुदमरू शकते, कोरडी ठेवली तर मरते. गे यांनी काचनळ्या बसवलेलं एक पिंप बनवलं. ते संथपणे फिरत राहतं. नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या पेशी थोडा वेळ द्रवात जातात, थोडा वेळ हवेत येतात. 'हेला' ही माणसाची पहिली अमर, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारी, पेशीमालिका १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढली.

ही विद्या शिकून बाई परळला परतल्या आणि तिथे ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी आणि ऊती वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. रुग्णाच्या शरीरावर जे प्रयोग करता येत नाहीत, ते आता पेशींवर करता येऊ लागले. जोडीला उंदरांवरचं संशोधन होतंच. उंदरांमध्ये स्तनांचा कर्करोग आईच्या दुधातल्या विषाणूमुळे पिलांकडे जाऊ शकतो, हे अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांच्या कामातून पुढे आलं होतं. पण विषाणू शिरला म्हणून प्रत्येक मादीला गाठ होतेच असं नाही. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, याचा बाईंनी चिकाटीने माग घेतला. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

माझ्या लेखी त्यांचं आणखी एक काम याच तोलाचं आहे. १९७३ मध्ये इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. तिचं मुख्यालय वाशीत, सेक्टर १०-ए मध्ये आहे. तिथे विज्ञानाचे कार्यक्रम होतात, तसंच नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालतं. संवर्धनातल्या पेशी रविवार पाळत नाहीत. त्यांचा द्रव ज्या दिवशी बदलायचा त्या दिवशी बदलावाच लागतो, आणि घरी तान्हं मूल असलेल्या संशोधिकेला त्यासाठी प्रयोगशाळेत पोचावंच लागतं.