दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी गोळ्यांची पिशवी आणा

कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली आहे, हे तुम्हाला आतापर्यंत दोन-तीन ठिकाणी सांगून झालेलं असतं. एमआरआयच्या कागदावर ‘कॅनॉल स्टेनोसिस’ लिहिलेलं असतं, बहुतेकांच्या बाबतीत कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये. चालायला लागलं की पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात आणि कट्ट्यावर जरा टेकलं की बरं वाटतं. सायकल चालवता येते, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी जाववत नाही. हे सगळं तुम्हीच आम्हाला सांगता, त्यामुळे इथे पुन्हा लिहीत नाही. पत्रक छापायचं कारण वेगळं आहे. ठरलेली ऑपरेशनं ऐन वेळी पुढे ढकलावी लागतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे रक्त पातळ करणारी गोळी असते.

आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो, “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?” उत्तर येतं, “छे, फक्त बीपीची आणि कोलेस्टेरॉलची.” भरती झाल्यावर सिस्टर पिशवी उघडतात, तर कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलच्या नावापुढे ‘गोल्ड’ लिहिलेलं असतं. अशा कॅप्सूलमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: कोलेस्टेरॉलचं एक, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. यातली शेवटची दोन रक्त पातळ करणारी. रुग्ण खोटं बोललेला नसतो, त्याला ती कोलेस्टेरॉलची म्हणूनच दिलेली असते. पण दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन रद्द होतं. मुलगा पुण्याहून रजा काढून आलेला असतो, मेडिक्लेमची मंजुरी हातात असते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग हमखास ऐकायला मिळतं, “डॉक्टर, भोक तर एवढंसं पाडणार, त्याला काय होतंय?” इथेच समज उलटा आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कातडीवरचा छेद साधारण दोन सेंटिमीटरचा असतो आणि आम्ही एका बारीक नळीतून काम करतो. जाड झालेला पिवळा अस्थिबंध (मणक्यांना जोडणारा पट्टा) आणि सांध्याचं वाढलेलं हाड नसांवरून खरवडून काढायचं असतं. एवढ्याशा जागेत थोडं रक्त आलं तरी समोरची नस दिसेनाशी होते. त्याहून मोठी काळजी नंतरची. मणक्याच्या नळीत रक्त साठून गोळा झाला तर ज्या नसा मोकळ्या करायला गेलो, त्याच पुन्हा दाबल्या जातात आणि रात्रीतून दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं. छेद लहान असल्याने स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं आणि माणूस लवकर उठतो, हे खरंच. पण आत काम नसांच्या शेजारीच चालतं.

याच्या उलट चूकही तेवढीच होते, आणि ती जास्त धोक्याची. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून किंवा हे पत्रक वाचून गोळी परस्पर बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल, विशेषतः गेल्या वर्षभरात बसवलेला, तर गोळी अचानक थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. झडप बदललेली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर हिशेब आणखी वेगळा. क्लोपिडोग्रेल सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात. काही गोळ्यांना दोन-तीन दिवस पुरतात. काहींसाठी रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) लागते. कोणती गोळी, किती दिवस, हे तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि आमचे भूलतज्ज्ञ बोलून ठरवतात आणि आम्ही ते तुमच्या फाइलवर तारखेसकट लिहून देतो. त्या तारखा पाळा, एवढंच तुमचं काम.

म्हणून तारीख घेण्याआधी एकदा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या. चिठ्ठी नको, पाकिटं हवीत. डब्यात सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या आम्हालाही ओळखता येत नाहीत. आयुर्वेदिक चूर्ण, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, सगळं त्यात टाका. या तपासणीची आम्ही वेगळी फी घेत नाही. येताना एमआरआयची फिल्म किंवा सीडीही आणा. नुसत्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून आम्ही खर्चाचा अंदाज देत नाही. त्यावरून काहींना राग येतो, पण फिल्म आणि माणूस पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा टिकत नाही.

काही जण विचारतात, “लेझरने होईल का?” वाढलेलं हाड आणि जाड अस्थिबंध आम्ही लेझरने काढत नाही. “स्क्रू बसवणार का?” म्हणजे मणके एकमेकांना जोडणार का? सरसकट नाही. मणका मणक्यावरून सरकतोय का हे पाहायला उभ्याने आणि वाकून एक्स-रे काढतो, म्हणून एमआरआय झालेला असूनही आम्ही तो मागतो. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नस मोकळी करण्यासोबत मणके जोडल्याने दोन वर्षांनंतरही जास्त फायदा दिसला नव्हता. जोडायची गरज ज्यांना असते त्यांना आम्ही तसं स्पष्ट सांगतो, आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर फाइलची प्रतही देतो.

अपेक्षाही आधीच सांगून ठेवतो. पायातली कळ आणि चालण्याचं अंतर यात सुधारणा होते. जुनी कंबरदुखी पूर्ण जाईलच असं नाही, आणि बधिरपणा सावकाश कमी होतो. नसांवरचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग हे धोके लहान छेदातही असतात. बहुतेकांना आम्ही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उभं करतो. आषाढीची वारी गाठायची असेल तर ज्येष्ठात ऑपरेशन करून चालणार नाही, हिवाळ्यातच भेटा.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर पिशवी, तारीख, मंजुरी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी या. आम्ही नसलो तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. वाटेत चहासुद्धा घेऊ नका, पोट रिकामं असलं तर भूल देण्यासाठी थांबावं लागत नाही. गोळ्यांची पाकिटं मात्र कुणीतरी मागाहून आणा.