मांडवीतली क्रूझ वेगळी, मांडवीतला कॅसिनो वेगळा

सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, क्रूझचं बुकिंग झालं बरं का. माणशी अडीच हजार, जेवण त्यातच." सोबत भाऊ, वहिनी आणि दोन नातवंडं, एक नऊ वर्षांचं, दुसरं बारा. अडीच हजारांचा आकडा ऐकला तेव्हाच मला कळलं की ही क्रूझ नव्हे. एजंटाने कॅसिनोचं पॅकेज त्यांच्या गळ्यात मारलं होतं आणि आत्याशी बोलताना तो शेवटपर्यंत त्याला क्रूझच म्हणत होता. एकवीस वर्षांखालच्या कुणालाही खेळाच्या मजल्यावर सोडत नाहीत, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही.

मी पणजीत राहते आणि हा घोळ दर सुट्टीत पाहते. कुणी परत जाऊन सांगतं, "मांडवीवरची क्रूझ फार महाग, आणि आत सगळा जुगार." कुणी सांगतं, "कॅसिनोच्या बोटीवर गेलो, तासाभरात परत आणून सोडलं." पुढचा येणारा हे ऐकून आपले बेत आखतो आणि धक्क्यावर येऊन चुकतो. या सगळ्याच्या मुळाशी 'कॅसिनो क्रूझ' हा जोडशब्द आहे. तो मला मुळीच सहन होत नाही, कारण त्या शब्दाने सांगितलेली गोष्ट पणजीत अस्तित्वातच नाही.

क्रूझ बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी बोट सुटते, पश्चिमेकडे नदीच्या मुखाच्या दिशेने जाते, वळते आणि साधारण तासाभरात त्याच धक्क्याला लागते. वरच्या डेकवर खुर्च्या आणि छोटा रंगमंच. फुगडी, देखणी, पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो, मध्येमध्ये निवेदक मुलांना, मग जोडप्यांना नाचायला बोलावतो. तिकीट काही शे रुपयांचं, आणि ते एकदा काढलं की खाण्यापिण्याखेरीज दुसरा खर्च नाही. आजी, नातू, सासूबाई, सगळ्यांनी यावं अशी जागा आहे. आवाज मोठा असतो, ही माझी एकच तक्रार.

आता कॅसिनो. तो बोटीवर असतो, पण ती बोट कुठेही जात नाही. पणजीसमोर नदीत नांगर टाकून उभी असते. तुम्ही धक्क्यावर नाव नोंदवता, हाताला पट्टा बांधतात, छोटी फीडर बोट काही मिनिटांत तुम्हाला जहाजापर्यंत नेते, आणि पुढचे पाच तास तुम्ही एका तरंगत्या इमारतीत असता. २०१७ च्या जुलैत एक कॅसिनो जहाज मांडवीत आणताना मिरामारच्या वाळूत रुतलं आणि बरेच दिवस तिथेच अडकलं. अशी जहाजं एकदा जागेवर आली की सहसा हलत नाहीत. नदीची सैर म्हणून कुणी तुम्हाला कॅसिनो विकत असेल, तर तो खोटं बोलतो आहे.

मग जुगारासाठी पाणी कशाला? उत्तर कायद्यात आहे आणि तिथेच या घोळाचा उगम आहे. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरच्या खेळांनाही वाट मिळाली, पण फक्त किनाऱ्यापासून दूर, जहाजावर. पत्ते वाटणारा माणूस आणि फिरणारं चाक हवं असेल तर ते पाण्यावरच ठेवावं लागतं. म्हणून इमारतीला जहाजाचं रूप आलं. पण हे 'दूर' खोल समुद्रात गेलं नाही, आमच्या शहरासमोरच्या नदीतच थांबलं. त्याबद्दल पणजीकरांचा राग जुना आहे आणि माझाही आहे. बांदोडकर मार्गावर संध्याकाळी फिरायला निघालं की नदीऐवजी रंगीत दिव्यांच्या भिंती दिसतात. शनिवारी रात्री त्या रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी आहे. त्याआधी मी दोनदा पाहुण्यांसोबत जाऊन आले आणि दोन्ही वेळा त्यांची फसगत एकाच ठिकाणी झाली. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घेते.

क्रूझच्या तिकिटात तुम्ही प्रवास विकत घेता. कॅसिनोच्या पॅकेजात तुम्ही नेमकं काय विकत घेता, हे जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही. एजंट म्हणतो, "अडीच हजार भरा, त्यातले दीड हजार खेळायला परत मिळतात, जेवण आणि ड्रिंक्स फुकट." ऐकणारा मनात हिशेब करतो: म्हणजे हजार रुपयांत पोटभर बुफे, शिवाय दीड हजार हातात. खेळलो नाही तर ते काउंटरवर देऊन पैसे घेऊ. हाच हिशेब चुकतो. जे परत मिळतं ते बहुतेक ठिकाणी 'वन टाइम प्ले'चं कुपन किंवा चिप (खेळात पैशांऐवजी लावायची टिकली) असते, ज्याला तिथे सगळे ओटीपी म्हणतात. तिचे रोख पैसे होत नाहीत. ती टेबलावर एकदाच लावता येते, आणि हरलात काय, जिंकलात काय, ती चिप डीलर उचलून घेतो. जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम रोख चिपांत, म्हणजे काउंटरवर ज्यांचे पैसे होतात अशा चिपांत, मिळते. रोख चिप लावून जिंकलात तर लावलेलीही परत येते आणि वर जिंकलेलीही. दोन्ही चिपांवर आकडा तोच छापलेला असतो, पण किंमत तीच नसते.

आकड्यांत पाहा. रूले म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. त्याच्या एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी, एक शून्य. दीड हजारांची ओटीपी तुम्ही लालवर लावली, तर ३७ पैकी १८ वेळा दीड हजार मिळतील, उरलेल्या १९ वेळा काहीच नाही. सरासरी काढली तर त्या कुपनाची किंमत साधारण ७३० रुपये होते. म्हणजे 'दीड हजार परत' हे वाक्य निम्मंसुद्धा खरं नाही. हेच तुम्ही स्वतःच्या रोख दीड हजारांनी खेळलात, तर सरासरीने सुमारे चाळीस रुपये जातात. चाकाचा, म्हणजे कॅसिनोचा, खरा वाटा एवढाच, २.७ टक्के. तो लहान वाटतो खरा, पण माणूस एक डाव खेळून उठत नाही. रात्रभरात शंभर डाव झाले की तोच लहान वाटा खिसा रिकामा करतो.

त्यात कराची भर. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिपा घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर जिंकण्या-हरण्याशी जोडलेला नाही. तुम्ही चिपा घेतल्या तिथेच तो बसला. म्हणून पट्टा बांधून घेण्यापूर्वी काउंटरवर सरळ विचारा: भरलेल्या रकमेतून किती रुपयांच्या रोख चिपा मिळणार, किती ओटीपी, आणि कर वरून की आतून? उत्तर कागदावर मागा. शिवाय प्रत्येक टेबलावर किमान किती लावायचं याची पाटी असते, आणि सुट्टीच्या रात्री तो आकडा चढतो. तुमचं कुपन दोनतीन डावांतच संपेल, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कॅसिनोत पुरुषांनी हाफ पँट आणि चपला टाळाव्यात, क्रूझवर कुणी पाहत नाही. कॅसिनोत ओळखपत्र लागतंच. पावसाळ्यात नदीला जोर आला की क्रूझ रद्द होऊ शकते. मुरगाव बंदराला लागणारी मोठी प्रवासी जहाजं हा तिसराच विषय आहे, त्यांचा पणजीच्या धक्क्याशी संबंध नाही.

फोनवर बुकिंग करताना समोरचा काय विकतो आहे हे ओळखायला मी सगळ्यांना एकच प्रश्न शिकवते: "बोट किती वाजता सुटते आणि किती वाजता परत लागते?" क्रूझवाला दोन वेळा सांगेल. कॅसिनोवाला म्हणेल, "केव्हाही या, रात्रभर चालू असतं."

कुठे जावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. कुटुंब घेऊन आला असाल तर सूर्यास्ताची क्रूझ, आणि अर्धा तास आधी पोहोचून वरच्या डेकवर डाव्या हाताची खुर्ची. जाताना डावीकडे पणजी उलगडत जाते: जुनं सचिवालय, म्हणजे मुळातला आदिलशहाचा राजवाडा, पुढे कांपालची झाडी, मग मिरामार. उजवीकडे पलीकडच्या तीरावर रेइश मागुशचा किल्ला, पण तो परतताना निवांत दिसतो. काळोख झाल्यावरच्या फेरीत फक्त कॅसिनोंचे दिवे दिसतात, म्हणून ती मी सुचवत नाही. मोठी माणसं असाल, पत्त्यांची हौस असेल, तर कॅसिनोत जा, पण गेलेच असं समजून ठरावीक रक्कम खिशात घ्या आणि कार्ड खोलीवर ठेवा. लहान मुलांना नेऊ नका. काही जहाजांवर मुलांसाठी खोली असते म्हणे, पण गोव्याला आलेल्या पोराने संध्याकाळ बंद खोलीत परक्यांच्या हवाली का काढावी?

कॅसिनोच्या बुफेसाठी पणजीतलं जेवण सोडणं तर मला पटतच नाही. दुपारी रिट्झ क्लासिकची मासळीची थाळी, सकाळी कॅफे भोसलेत भाजी आणि पुरी, रात्री फोंतेन्यां या जुन्या वस्तीच्या गल्लीत कुठेतरी शाकुती किंवा काफ्रेआल. क्रूझ करणार असाल तर मुक्काम फोंतेन्यां-माळा किंवा पाटो भागात घ्या. कदंबा बसस्टँड, धक्का आणि जेवणाच्या जागा सगळं पायी होतं. मात्र इथली बरीच घरगुती वळणाची हॉटेलं रात्री लवकर आवरतात. बोटीवरून उतरलात की आधी जेवायला बसा, खरेदी मग.

आत्याच्या कुटुंबाचे पैसे एजंटाने परत केले नाहीत. भाऊ आणि वहिनी कॅसिनोत गेले, आत्या नातवंडांसह माझ्याकडे थांबली. मी तिघांना जुन्या मांडवी हॉटेलसमोरच्या धक्क्यावर नेलं आणि बेतीच्या फेरीबोटीत चढवलं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, कामावरून घरी निघालेली माणसं, आणि मध्ये कठड्याला धरून उभी ही दोन पोरं. पलीकडे उतरलो, त्याच बोटीने परत आलो, आणि धाकटा म्हणाला, "आजी, अजून एकदा." आम्ही चार वेळा नदी ओलांडली.