जमीन दलालाची कायदेशीर कर्तव्ये (ग्रामीण विदर्भ)

जमीन विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून सौदा जुळवणाऱ्या मध्यस्थावर कायद्याने येणाऱ्या जबाबदाऱ्या. विदर्भातल्या खेड्यात हा मध्यस्थ बहुधा ऑफिस थाटून बसलेला नसतो. तो गावातलाच एखादा कास्तकार किंवा दुकानदार असतो आणि काम सोपवल्याचा कागद कुणाकडेच नसतो. कागद नाही म्हणून कायदाही लागत नाही, हा समज चुकीचा आणि घातक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अभिकर्ता, म्हणजे एजंट, तोंडी बोलीवरही नेमला जातो.

मालकाच्या, म्हणजे काम सोपवणाऱ्याच्या, सूचनेप्रमाणे वागणे (कलम २११), कौशल्याने व काळजीने काम करणे (२१२), हिशेब देणे (२१३) आणि मालकाच्या वतीने आलेली रक्कम त्याला देणे (२१८) ही मूळ कर्तव्ये. सर्वांत जास्त मोडला जातो तो छुप्या नफ्याचा नियम. विकणाऱ्याला एकरी ९ लाख सांगायचे, घेणाऱ्याकडून ११ लाख ठरवायचे आणि मधले २ लाख परस्पर ठेवायचे. ५ एकरांत हे १० लाख होतात. मालकाला अंधारात ठेवून मिळवलेला असा लाभ तो कलम २१६ च्या आधारे मागू शकतो. शिवाय कलम २२० नुसार, ज्या कामात गैरवर्तन झाले त्याची दलाली बुडते. दलालाने नातेवाइकाच्या नावावर स्वतःच जमीन घेतली आणि ते लपवले, तर कलम २१५ खाली मालक तो व्यवहार नाकारू शकतो. दोन्हीकडून दलाली घेण्याची पद्धत आहे. ती दोघांनाही माहीत असली पाहिजे.

दलाल विकणाऱ्याचा असला तरी घेणाऱ्याशी खोटे बोलण्याची त्याला मुभा नाही. ‘धुऱ्यापर्यंत पांदण आहे’ असे सांगून रस्ताच नसलेले वावर गळ्यात मारले, तर कलम २३८ प्रमाणे ते बोलणे मालकाचेच धरले जाते आणि करार रद्द होण्याची पाळी येते. दलालाच्या थापेची किंमत अशी विकणाऱ्यालाही मोजावी लागते.

काळजीने काम करणे म्हणजे इथे आधी सातबारा नीट वाचणे. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली, जमीन सहसा परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ चे कडक बंधन आहे. गडचिरोली, यवतमाळ, मेळघाट या भागांत हा प्रश्न हरघडी येतो. शेतकरी नसलेल्याला शेती विकण्याबाबत विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि फेरफारातून (मालकीबदलाच्या नोंदीतून) सुटलेल्या बहिणींची नावे ही पुढच्या कोर्टकचेरीची नेहमीची मुळे. जाणत्या दलालाने ती इसार होण्याआधीच दोन्ही बाजूंसमोर मांडली पाहिजेत.

शेतजमिनीचा साधा सौदा रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याखाली (२०१६) येत नाही. नोंदणीयोग्य लेआऊटमधले प्लॉट विकणाऱ्या एजंटला मात्र महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातले प्लॉट त्याला विकता येत नाहीत. नियम मोडल्यास कलम ६२ नुसार दिवसाला १०,००० रुपये दंड बसतो. त्याची कमाल मर्यादा प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्के आहे.

शेतजमिनीच्या वादात दाद मुख्यतः दिवाणी न्यायालयात मागावी लागते आणि दलालाची भूमिका सिद्ध करणे तिथे अवघड जाते. इसारपावतीत त्याचे नाव, तो कुणाच्या बाजूने आहे आणि दलालीचा आकडा लिहिलेला असला, तर तोच पुरावा कामी येतो.