इलेक्ट्रॉनची उडी आणि द्रावणातला उजेड

द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडचं (वीज वाहून नेणाऱ्या पट्टीचं) विभव, म्हणजे व्होल्टेज, झरझर धन-ऋण बदलत राहिलं, तर त्याच्या पृष्ठभागाशी उजेड पडू शकतो. १९६५ मध्ये अमेरिकेत ॲलन बार्ड आणि के. एस. व्ही. संथानम यांनी डायफिनाइलअँथ्रासीन या संयुगाच्या अशा निळ्या उजेडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संथानम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

विभव ऋण असताना एक रेणू जादा इलेक्ट्रॉन घेतो, धन असताना दुसरा रेणू एक गमावतो. दोघांची गाठ पडली की इलेक्ट्रॉन उडी मारतो. पण कुठे? समोरच्या रेणूतली रिकामी जागा अगदी खालच्या पातळीवर असते. तो थेट तिथे गेला तर सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाईल, प्रकाश मिळणारच नाही.

इथे रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांचा इलेक्ट्रॉनच्या उडीविषयीचा सिद्धांत मदतीला येतो, आणि मला तो रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या विचारांपैकी एक वाटतो. उतार जितका तीव्र, तितकं पाणी वेगाने धावतं; इलेक्ट्रॉनचं मात्र एका मर्यादेपलीकडे उलट होतं. उडी क्षणार्धात होते, जड अणुकेंद्रकांना तेवढ्यात जागचं हलताही येत नाही. म्हणून उडीआधीची आणि नंतरची ऊर्जा त्याच क्षणी जुळावी लागते. खूप ऊर्जा सुटणार असेल तर ही जुळणी अवघड होते आणि अभिक्रिया मंदावते. त्यामुळे इलेक्ट्रॉन शेजाऱ्याच्या वरच्या पातळीवर जातो. शेजारी उत्तेजित होतो, आणि तो इलेक्ट्रॉन खाली उतरताना प्रकाश बाहेर पडतो. मार्कस यांनी १९६५ मध्येच हे मांडलं होतं. या उलट्या वर्तनाचा ठोस प्रायोगिक पुरावा १९८४ मध्ये मिळाला, तर मार्कस यांना नोबेल १९९२ मध्ये.

आज टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारं संप्रेरक) मोजण्यासारख्या रक्ततपासण्यांत हेच तंत्र वापरतात. तिथे रुथेनियम या धातूचं संयुग संप्रेरकाला नेमकं चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) जोडलेलं असतं आणि सोबत ट्रायप्रोपिलअमाइन हे दुसरं संयुग असतं. धन विभवाला दोघेही इलेक्ट्रॉन गमावतात. अमाइनचा पुढे एक प्रोटॉनही जातो आणि उरलेला तुकडा इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ होतो. तो इलेक्ट्रॉन रुथेनियमला मिळाला की सुमारे ६२० नॅनोमीटरचा नारिंगी-लाल प्रकाश पडतो. अमाइन खर्ची पडतं, रुथेनियम मात्र पुन्हा पुन्हा उजळतं. बाहेरचा दिवा लागत नसल्याने पार्श्वभूमी काळोखी राहते, म्हणून संप्रेरकाची अत्यल्प मात्राही मोजता येते.