झाकणाखालचं प्लॅस्टिक

मामांची पायडलवाली जुनी मोपेड साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका कितीही फिरवा, कुरकुरत नाही. यवतेश्वरचा घाट लागला की मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणावर गचके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. "इंजिन तापतंय, दुसरं काय!" हे मामांचं निदान. गॅरेजात कारबोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, दोनदा उघडून झाला, प्लग नवा बसला. घाट काही सर होईना.

परवा ती अशीच थांबली तेव्हा मी टाकीचं झाकण फिरवलं. स्स्स करून हवा आत गेली. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा गोल तुकडा होता. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मामांनीच लावलेला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुटगुटत अडतं, म्हणून आपण समोर दुसरं पाडतो. टाकीच्या झाकणातलं बारीक भोक हे ते दुसरं भोक. ते बुजलं की पेट्रोल उतरेल तसा टाकीतला दाब कमी होतो आणि धार आटते. गावात पेट्रोल इतकं सावकाश लागतं की कडेनं झिरपणारी हवा पुरते. घाटात रेस पूर्ण पिळलेली, तिथं पुरत नाही. दहा मिनिटांची विश्रांती इंजिनाला नव्हे, टाकीला लागत होती.

मामांची मोपेड टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकची बहुतेक दुखणी अशी हवेशी निगडित असतात. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या बंद पेटीत, हवा, पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण ओढलं जातं. खाली येताना तेच दाबून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. क्रँककेस हा पंपच झाला, आणि पंपाला चीर चालत नाही. फोर-स्ट्रोकचं ऑइल सील गेलं तर जमिनीवर डाग पडतो, लगेच कळतं. इथं सील किंवा पॅकिंग गेलं की बाहेरची हवा गुपचूप आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रेस सोडली तरी इंजिन ओरडत राहतं, ही खूण. कारबोरेटरच्या जोडावर चालू इंजिनात साबणाचं पाणी ब्रशनं लावावं. आवाज बदलला तर चोर तिथंच आहे.

मिश्रणात पेट्रोल कमी पडणं किंवा जास्त होणं, या दोन बिघाडांतलं कमी पडणं घातक. तेल पेट्रोलमधूनच येत असल्यानं तेही कमी पोचतं आणि तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. यावर पुष्कळ जण तेल वाढवतात, ते साफ चूक. कारबोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच. त्यातून तेल जास्त गेलं तर पेट्रोल आणखी कमी जातं! तेल-पेट्रोल 1:50 म्हणजे लिटरला 20 मिली तेल, 1:25 म्हणजे 40. गाडीच्या पुस्तिकेत असेल तेवढंच घालावं. जादा तेलाचा कार्बन सायलेन्सरचं तोंड बुजवतो तो वेगळाच.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन लागतं आणि जुन्या जेटमधून आलेलं कमी पडतं. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच मोपेडला असा छळतो.

उलट पेट्रोल जास्त झालं तर इंजिन एक फेरा सोडून एक पेटतं. न पेटलेला फेरा आतला धूर झाडून काढतो, मग पुढचा पेटतो. आवाज घरघरता, अडखळता. खात्री करायची तर चढावर फुल रेसमध्ये स्विच बंद करा, गाडी कडेला घ्या, प्लग थोडा निवू द्या आणि काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळा-ओला असेल तर जास्त.

सातारा शहरापेक्षा कासचं पठार सुमारे 500 मीटर उंच आहे. तिथली हवा साधारण 5 टक्के विरळ, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन निरोगी मोपेडही वर थोडी घरघरते. मामांचा हात लगेच कारबोरेटरच्या स्क्रूकडे जातो. वर पिळलेला स्क्रू खाली आल्यावर पूर्ववत करायचं राहिलं तर मिश्रण पुन्हा बिघडणार, म्हणून मी पाना माझ्याकडेच ठेवतो.

प्लॅस्टिक निघालं. पावसात मामा आता झाकणावर स्टीलची वाटी उपडी घालून दोरीनं बांधतात. तिच्या कडेनं हवा जाते, मी बोट घालून पाहिलंय.